मधल्या सुट्टीत मुलींना मराठी बोलू द्या: कॉन्व्हेंट शाळांच्या सिस्टरांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रात कॉन्व्हेंट शाळा चालवणाऱ्या धर्मभगिनी संघांच्या प्रांतप्रमुख आणि शाळांच्या मुख्याध्यापिका सिस्टर यांना

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या अनेक शाळांच्या कॅलेंडरमध्ये, म्हणजे मुलींकडच्या छापील डायरीत, नियमांच्या पानावर एक ओळ छापलेली असते. शाळेच्या आवारात विद्यार्थिनींनी फक्त इंग्रजीतच बोलावं, अशी. नखं कापलेली असावीत, रिबिनी शाळेच्या रंगाच्याच असाव्यात, उशीर झाल्यास पालकांची सही आणावी, याच रांगेत ही ओळ बसलेली असते. ती काढून टाका, एवढं मागायला हे पत्र लिहिते आहे.

मी वसईच्या कॅथलिक घरातली. बालवर्गापासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्येच शिकले आणि नंतर बी.एड. करून कॉन्व्हेंटच्याच मुलींना मराठी शिकवलं. त्यामुळे बाहेरून दगड मारणाऱ्यांपैकी मी नाही, हे आधीच सांगते. पुरुषांची परवानगी न घेता बायका एवढा मोठा कारभार चालवतात, पैशांचा हिशेब ठेवतात, इमारती उभ्या करतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते तुमच्याकडे. घरची फी थकली तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका सिस्टरांनी वर्गात त्याचा उच्चारही होऊ दिला नाही. वक्तृत्व स्पर्धेआधी शाळा सुटल्यावर चॅपलच्या व्हरांड्यात उभं करून एकेक वाक्य घोटून घेणाऱ्या सिस्टर अजून डोळ्यांसमोर आहेत. आज मी चार लोकांत न घाबरता उभी राहते, ती त्यांच्यामुळे. म्हणून तर हे लिहिण्याचा अधिकार मला आहे असं वाटतं.

आता तो नियम प्रत्यक्षात कसा चालतो ते सांगते, कारण ऑफिसात बसून ते दिसत नाही.

मी जिथे शिकवलं त्या शाळांपैकी एका शाळेत प्रत्येक वर्गाच्या मॉनिटरकडे एक छोटी वही असायची. मधल्या सुट्टीत जी मराठी किंवा हिंदी बोलेल तिचं नाव वहीत. नाव आलं की पाच रुपये दंड. तीनदा आलं की कॅलेंडरमध्ये रिमार्क आणि घरून सही. दंडाचे पैसे गरिबांसाठीच्या डब्यात जायचे, म्हणजे हेतूत खोट नव्हती. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या हातात मैत्रिणींवर पाळत ठेवायची वही दिली की काय होतं, ते मी रोज पाहिलं. जिचं मॉनिटरशी पटतं तिचं नाव येत नाही. जिचा डबा मॉनिटरला आवडतो तिचंही येत नाही. ज्या मुलीच्या घरी इंग्रजी बोललं जातं तिचा तर प्रश्नच नाही, ती मोकळी हसते, बोलते, भांडते. उरलेल्या मुली कोपऱ्यात कुजबुजतात किंवा गप्प राहतात. त्या नियमाने मुली इंग्रजी बोलायला लागल्या नाहीत, बोलायच्याच थांबल्या. वर्गात बोट वर करणाऱ्या मुली वर्षानुवर्षं त्याच त्या का असतात, याचं एक उत्तर त्या वहीत होतं.

एकदा सुट्टीत खो-खो खेळताना पाचवीतली एक मुलगी पडली. मी ग्राउंड ड्युटीवर होते. ती धावत माझ्याकडे आली, उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं, चेहरा पांढराफटक. "टीचर, माय हँड… आय…" एवढं म्हणून ती थांबली. मनगट मुरगळलं हे तिला इंग्रजीत सांगता येईना. तिने मान वळवून मॉनिटर कुठे आहे ते पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड मिटून नुसती उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नाही. "अगं, मराठीत सांग ना," म्हटल्यावर मग एका दमात सगळं बाहेर आलं: कोणी ढकललं नाही, पाय घसरला, हातावर पडले, बोटं हलत नाहीत. दुखत असताना मदत मागायच्या आधी जिला दंडाचा विचार करावा लागतो, अशी मुलगी आपण तयार करत होतो. सिस्टर, तुम्ही त्या जागी असतात तर तुम्हीही तिला जवळच घेतलं असतंत, याची मला खात्री आहे. म्हणूनच हा नियम तुमच्या स्वभावाशी जुळत नाही असं माझं ठाम मत आहे.

आणि ओपन डे. रिपोर्ट कार्ड घ्यायला आई-वडील वर्गाबाहेर रांगेत उभे असतात. आमच्या भागात कोणाची आई भाजी विकून आलेली असते, कोणाची फॅक्टरीतून अर्धी सुट्टी काढून. कोणाची आजी लाल लुगड्यात आलेली असते, तिच्या तोंडावर सगळी रोझरी मराठीत असते, पण शाळेच्या व्हरांड्यात ती तोंड उघडत नाही. मी मराठीची टीचर, माझ्यासमोर तरी मोकळेपणाने बोलावं, तर नात पटकन पुढे होऊन म्हणते, "तू बोलू नको, मी सांगते." ही मुलगी वाईट नाही. शाळेच्या फाटकाच्या आत घरची भाषा म्हणजे गुन्हा, हे ती पहिलीपासून शिकली आहे. मग ती भाषा बोलणारी माणसं तिला फाटकाच्या आत नको वाटतात. घरच्या माणसांची लाज वाटायला कोणतंही मूल्यशिक्षणाचं पुस्तक शिकवत नाही. पण आईवडिलांचा मान राखा ही आज्ञा कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, तासाला शिकवायची आणि त्यांच्या बोलीवर दंड लावायचा, या दोन गोष्टी एका छपराखाली कशा राहतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, पालकांनाच हे हवं असतं. खरं आहे. प्रवेशाच्या वेळी पालकच विचारतात की मुलं इंग्रजीतच बोलतात ना. ज्या घरात इंग्रजी पेपर येत नाही, त्या घरची मुलगी शाळेत नाही बोलणार तर कुठे बोलणार, हाही प्रश्न खोटा नाही. मला इंग्रजी कमी करायचं नाही. गरीब घरच्या मुलीला चांगलं इंग्रजी मिळावं यासाठी मी स्वतः शाळा सुटल्यावर थांबलेली आहे. पण ते येतं वाचनाने, नाटकाने, शिक्षिकेशी रोज चार वाक्यं बोलल्याने, चुकलं तरी कोणी हसणार नाही या भरवशाने. चॅपलच्या व्हरांड्यात माझ्याकडून वाक्यं घोटून घेणाऱ्या सिस्टरांनी मला मराठी बोलल्याबद्दल कधी एक पैसा दंड केला नाही. त्यांनी वेळ दिला. दंडाची वही ही त्या वेळेची काटकसर आहे.

शिवाय मराठी तरी कुठे नीट येते? 2020 च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली. एस.एस.सी.च्या शाळांत ती आधीही होतीच. तास होतो, परीक्षा होते, मार्क पडतात. पण माझ्या वर्गातल्या मुलींच्या अक्षरभारतीत कवितेच्या ओळींवर पेन्सिलीने रोमन अक्षरांत उच्चार लिहिलेले असायचे. गाईडमधली उत्तरं पाठ करून त्या ऐंशीच्या घरात मार्क आणायच्या. कवितेचा अर्थ मी मराठीत सांगायला लागले की, "टीचर, इंग्लिशमध्ये सांगा ना." मराठीच्या तासाला मराठी बोलायलाही त्या बिचकायच्या. दहा वर्षं दोन भाषा शिकून मुलगी दोन्हींत अवघडलेली बाहेर पडते, हे इंग्रजीचं यश कसं म्हणायचं?

वर्षातून एक दिवस मात्र चित्र पालटतं. 27 फेब्रुवारीला नऊवारी, नथ, लेझीम, दिंडी, व्यासपीठावर विठ्ठलाची मूर्ती. मुली जीव ओतून नाचतात, सिस्टर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. मला तो दिवस मनापासून आवडतो, तयारीही मीच करून घेत असे. पण त्याच मुलींना दुसऱ्या दिवशी सुट्टीत "चल ना गं" म्हटल्याबद्दल वहीत नाव लावून घ्यावं लागलं, तेव्हा मी स्टाफरूममध्ये भांडले होते. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचं पोस्टर आपल्या नोटीस बोर्डांवर लागलं असेल, तर त्या बोर्डासमोर उभं राहून मुलीला मराठी वाचताही आणि बोलताही यायला हवं.

खरं तर मराठीची ओळख बाहेरच्या कोणी तुम्हाला करून द्यावी अशी आपल्या चर्चची स्थितीच नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्याला आले. इथल्या माणसांशी बोलायचं तर त्यांची भाषा आली पाहिजे हे त्यांनी ओळखलं, ती शिकले, आणि अशी शिकले की 1616 साली छापलेलं त्यांचं ख्रिस्तपुराण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आजही शिकवलं जातं. चारशे वर्षं झाली त्याला. आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या दिवशी आमच्या गावात घराघरांत टीव्ही लागला होता. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेट केली ती संत तुकारामांवर. एक कॅथलिक बिशप तुकारामांच्या गाथेत बुडून जातो आणि त्याच्याच धर्मातल्या शाळेत तुकारामांची भाषा सुट्टीतही चालत नाही, हे त्या मुलींना कसं समजावणार?

आणि मिस्सा, म्हणजे देवळातली आमची मुख्य उपासना. माझी आई लहान असताना मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून म्हणायचे आणि मागे लोक आपापली रोझरी म्हणत बसायचे, असं ती सांगायची. 1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासना लोकांच्या भाषेत करायला वाट मोकळी केली आणि आमच्या देवळांत मराठी घुमू लागली. आई म्हणायची, तेव्हा पहिल्यांदा कळलं की फादर इतकी वर्षं काय म्हणत होते. जी भाषा वेदीवर चालते ती शाळेच्या अंगणात का चालू नये? मला याचं उत्तर खरोखर हवं आहे, आणि ते तुमच्याकडूनच हवं आहे.

तुमच्या संघांनी स्वतःला बदललं नाही असं थोडंच आहे! 1841 च्या अखेरीस कोलकात्यात लोरेटोच्या आणि 1842 साली आग्र्यात जीझस अँड मेरीच्या सिस्टर आल्या, तेव्हा त्या शाळांत मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुली शिकत. पुढे दारं उघडली गेली म्हणून माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या मुली आत आल्या. कोलकात्याच्या लोरेटो सियालदा शाळेत सिस्टर सिरिल मूनी 1979 मध्ये मुख्याध्यापिका झाल्या आणि त्यांनी फुटपाथवर राहणाऱ्या मुलींना शाळेत आणलं. फी भरणाऱ्या घरच्या मुली शाळेच्या वेळेतच या मुलींना एकेकीला जवळ बसवून शिकवायच्या. त्या फुटपाथवरच्या मुली काही इंग्रजी बोलत आल्या नव्हत्या. म्हणून शाळेचा दर्जा घसरला नाही. उलट देशभरातून लोक ती शाळा पाहायला गेले, आणि 2007 मध्ये सिस्टर सिरिल यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या मुलींच्या हातात पाळतीची वही द्यायची की लहान मुलीचं बोट, हे मुख्याध्यापिकाच ठरवते, हे त्यांनी दाखवून दिलं.

आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली आहे का, मला माहीत नाही. तालुक्याच्या गावांत, अगदी बाजारपेठेच्या गल्लीतसुद्धा, ज्यांचा चर्चशी काडीचा संबंध नाही अशा शाळा स्वतःच्या नावात कॉन्व्हेंट हा शब्द लावतात. तुमची शिस्त, तुमचा सेवाभाव, तुमचं ग्रंथालय त्यांना जमत नाही. जमतो तो टाय आणि इंग्रजी बोलायचा दंड, कारण त्याला खर्च नाही. तुम्ही ती ओळ काढलीत तर त्यांनाही ती चालू ठेवणं अवघड जाईल. तुमचा एक निर्णय तुमच्या आवाराबाहेरच्या कितीतरी मुलांपर्यंत पोहोचतो.

कायद्याचं मी मुद्दाम शेवटी काढते, कारण मला कायद्याने भांडायचं नाही. घटनेच्या 30 व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या 17 व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली. पुढे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही असं ठरवलं. आपल्या शाळा आपण चालवायचा हा हक्क मला प्राणासारखा प्यारा आहे. त्याच्यावर घाला घालायला टपलेले लोक आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. झेंडे घेऊन, कॅमेरे घेऊन शाळेच्या ऑफिसात घुसणारी मंडळी, मुख्याध्यापिकेला हात जोडून माफी मागायला लावणारे व्हिडिओ, हे आपण पाहिलेलं आहे. त्यांना मराठीचं प्रेम किती आणि आपला द्वेष किती, हा वेगळा विषय. पण त्यांच्या हातात हे निमित्त आपण का ठेवायचं? मोर्चा आल्यावर नियम बदलला तर त्यात मुलींना भीतीच दिसेल. आज आपण होऊन बदललात तर त्यांना तुमचा मोठेपणा दिसेल.

नियम काढणं ही सुरुवात. त्याच्याबरोबर काही गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. आठवड्यातली एक असेंब्ली मराठीत होऊ द्या, प्रार्थनेसकट. प्रार्थना आपल्याकडे तयारच आहेत. ओपन डेला पालक ज्या भाषेत बोलतील त्या भाषेत उत्तर द्यायचं, हे शिक्षिकांना स्पष्ट सांगा. प्रवेशाच्या वेळी आईची इंग्रजी तपासायचीच नाही. ग्रंथालयात मराठीचं कपाट कुलूपबंद असतं, त्याची चावी वर्गात द्या आणि बालभारतीचं 'किशोर' मासिक सुरू करा, 1971 पासून ते निघतं आहे आणि मुली त्याच्यावर तुटून पडतात, हा माझा अनुभव आहे. आणि ज्या सिस्टर केरळहून, मंगळूरहून, झारखंडहून महाराष्ट्रात येतात त्यांना शाळेचा कारभार देण्याआधी काही महिने मराठी शिकायला द्या. त्यांचा यात काहीच दोष नाही, त्यांना कोणी वेळच देत नाही. ज्या एका सिस्टरांनी माझ्याकडे येऊन मराठी शिकायला सुरुवात केली, त्यांच्या ऑफिसबाहेर महिन्याभरात आयांची रांग लागली. तोवर त्या आया शिपाईमामांकडे निरोप ठेवून परत जायच्या.

नव्या वर्षाचं कॅलेंडर साधारण एप्रिलमध्ये छापायला जातं. प्रूफ तुमच्या टेबलावर येईल तेव्हा नियमांचं पान उघडा, ती ओळ खोडा आणि मॉनिटरांकडच्या वह्या परत मागवून घ्या. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच असेंब्लीत हे मुलींना तुम्ही स्वतः सांगा, आणि जमलं तर मराठीतून सांगा.

आपली,
कॉन्व्हेंटची माजी विद्यार्थिनी आणि मराठीची शिक्षिका,
वसई